खिडकीतली देवघेव

६ डिसेंबर २०२१, सोमवार

आज वाचनालय उघडायच्या आधीच दारात दोन आजोबा उभे होते. पेपर वाचायला नव्हे, बोलायला. परवा डोंबिवलीत कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि काल पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच कुटुंबातले सहाजण. "मॅडम, आता पुन्हा कुलूप का?" एकानं विचारलं. म्हटलं, अजून तसं काही आलेलं नाही. आत या, हात धुवा, बसा.

तो कुलपाचा प्रश्न मात्र दिवसभर डोक्यात घोळत राहिला. २०२० च्या मार्चमध्ये लावलेलं कुलूप १५ ऑक्टोबरला निघालं, राज्य सरकारनं ग्रंथालयांना परवानगी दिली तेव्हा. सात महिन्यांत एका कपाटाच्या खालच्या दोन फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. चाकणच्या बाजारपेठेमागचं आमचं दोन खोल्यांचं वाचनालय, 'क' वर्गातलं. सकाळी पेन्शनर, दुपारी स्पर्धा परीक्षेची पोरं, संध्याकाळी पाळी सुटलेले कामगार. या तिघांना एकाच टेबलाशी बसवणारी दुसरी जागा या गावात मला तरी माहीत नाही.

संध्याकाळी देवघेवीचं रजिस्टर चाळताना एका नावावर थांबले. निवृत्त फिटर, आमचे जुने सभासद. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी पाच दिवस ताप लपवला. "सांगितलं तर उचलून नेतील," एवढंच घरच्यांना म्हणत राहिले. सहाव्या दिवशी धाप लागली, तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या नावावरचं पुस्तक अजून त्यांच्या घरीच आहे. मी मागितलेलं नाही.

२७ डिसेंबर २०२१, सोमवार

रात्री भाचीचा फोन. ती वॉशिंग्टनला असते. म्हणाली, "मावशी, आमच्या लायब्ररीत आता कोरोनाची किटं मिळतात, फुकट. मी आजच आणली." राहत्या पत्त्याचा कागद दाखवला आणि खोकं हातात पडलं. खोक्यात दोन तपासण्यांचं साहित्य. शहरातल्या आठ वाचनालयांतून २२ तारखेपासून वाटप सुरू झालंय. लोक थंडीत कोपऱ्यापर्यंत रांग लावून उभे होते म्हणे. इंग्लंडमध्ये तर एप्रिलपासूनच कुणालाही आठवड्याला दोन तपासण्या मोफत आहेत. औषधांच्या दुकानांबरोबर कितीतरी गावांत वाचनालयांतूनही तिथे किटं मिळतात.

मी विचारलं, "मग पुस्तकं कुठे देतात?"

"शेजारच्याच टेबलावर," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. त्यांनी वाचनालयच का निवडलं असेल? दवाखान्यात माणूस आजारी असला तरच जातो, आणि तो तिथे गेला की चार जणांना कळतं. वाचनालयाच्या दारात कोण का आलाय, हे कुणी विचारत नाही. फी नाही, चिठ्ठी नाही. पेपर वाचायला आलेला आणि किट न्यायला आलेला, दोघे एकाच दारानं आत येतात.

आणि ही किटं काही साता समुद्रापलीकडची नाहीत. आपल्या देशात घरच्या घरी करायची पहिली तपासणी आपल्याच जिल्ह्यातली. पुण्याची मायलॅब, कारखाना लोणावळ्याला, चाकणहून दीड-दोन तासांच्या वाटेवर. याच कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मार्च २०२० मध्ये मंजुरी मिळाली होती. त्या चमूच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले. १८ मार्चला त्यांनी किट पडताळणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. तेव्हा ती बातमी कापून मी फलकावर लावली होती. पुढे १९ मे २०२१ ला त्यांच्याच 'कोविसेल्फ'ला आयसीएमआरनं परवानगी दिली. किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. देशाचं पेनिसिलिन तिथे होत असे. ते नेहमी म्हणायचे की औषध तयार होतं कारखान्यात, पण ते रोग्याच्या हातात पडेपर्यंतचं काम दुसऱ्याच माणसांचं असतं. आज ते सारखं आठवतंय.

३ जानेवारी २०२२, सोमवार

सावित्रीबाईंची जयंती. फोटोला हार घातला. आजपासूनच पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं. अभ्यासिकेतल्या दोन मुली सकाळी लस घेऊन दंड चोळत आल्या. फोटोपाशी उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, "मॅडम, सावित्रीबाई प्लेगनं गेल्या ना?"

मग त्यांना बसवून सांगितलं. १८९७ साल. त्यांच्या डॉक्टर झालेल्या मुलानं, यशवंतानं, हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता. सावित्रीबाई रोगी शोधून तिथे आणत. मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

मुली गेल्यावर मला त्याच वर्षाची, त्याच शहरातली दुसरी बाजू आठवली. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरत होते. माजघरापर्यंत जायचे, बायकांना बाहेर काढून तपासायचे, रोगी आणि त्याच्या घरचे छावणीत, सामानाची होळी. लोक रोग्याला धान्याच्या कोठीमागे लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे आपल्या चिंचवडचे चापेकर बंधू. त्या हत्येचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण रोगी लपवणाऱ्या घरांचा इतिहास कुणी शिकवत नाही. त्या घरांना रोगाची भीती होतीच, पण रोग सापडल्यावर जे होणार होतं त्याची भीती जास्त होती.

सावित्रीबाई आणि ते शिपाई दोघेही रोगीच शोधत होते. दार मात्र एकालाच उघडलं जात होतं.

आमचे फिटरकाका एकशेचोवीस वर्षांनंतर तेच बोलले: "उचलून नेतील."

७ जानेवारी २०२२, शुक्रवार

कालपासून वाचनकक्ष बंद ठेवलाय, हा आमच्या समितीचाच निर्णय. देवघेव रस्त्याकडच्या खिडकीतून. परत आलेली पुस्तकं तीन दिवस वेगळ्या पेटीत ठेवायची, मग कपाटात.

सहाच्या सुमाराला परभणीकडचा तो पोरगा आला. तेवीस-चोवीसचा असेल. दर शुक्रवारी जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नेतो आणि पुढच्या शुक्रवारी वाचून आणून देतो. आज तीन पावलं लांबच थांबला. पुस्तक कट्ट्यावर ठेवून मागे सरकला. आवाज बसलेला.

"घसा धरलाय का?"

"चार दिवस झाले, मॅडम. रूमवर अजून दोघांना आहे."

"तपासलंस?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तपासून काय करू? निघाला तर सात दिवस खाडा. नाही निघाला तरी तपासायला लाइनीत उभं राहण्यात एक दिवस खाडा. ठेकेदार म्हणतो, बरं नसेल तर घरी थांब, दुसरा देतो लाइनवर."

खाडा! हा शब्द इथे दिवसातून दहादा ऐकू येतो, पण आज तो वेगळाच लागला. रोज साडेचारशेच्या आसपास त्याच्या हातात पडतात. एका खोलीत सहा जण. तिघे पहिल्या पाळीला, तिघे दुसऱ्या पाळीला, गाद्या मात्र त्याच. परवा, ५ तारखेला, केंद्रानं घरी विलग राहायची मुदत कमी करून सात दिवसांवर आणली. आमच्यासारख्यांना ती सवलत वाटते. त्याच्या हिशेबात सात दिवस म्हणजे तीन हजारांवर रुपये, म्हणजे खोलीचं भाडं आणि गावी पाठवायचे पैसे दोन्ही गेले.

आरटी-पीसीआरचा दर सरकारनं खासगी प्रयोगशाळेत ३५० वर आणलाय. सरकारी दवाखान्यात तर काहीच लागत नाही. पैशांची अडचण खरं म्हणजे तपासणीत नाहीच. अडचण आहे ती रांगेत आणि त्यानंतरच्या सात दिवसांत.

त्याला कादंबरी दिली. घरच्यासाठी आणलेल्या मास्कचं पाकीटही दिलं. तो गेल्यावर खिडकी लावून घेतली आणि कार्यवाहांना फोन केला.

९ जानेवारी २०२२, रविवार

सकाळी समितीची बैठक, अंगणात खुर्च्या लांब-लांब मांडून. उद्यापासून राज्यात दिवसा जमावबंदी आणि रात्री संचारबंदी, म्हणून आजच उरकली.

मी मांडलं ते एवढंच: दिवाळीत विकलेल्या रद्दीचे पैसे पडून आहेत. त्यातून वीस किटं घ्यावीत आणि खिडकीतून द्यावीत. ज्याला ताप-खोकला आहे, किंवा ज्याच्या खोलीत कुणाला झालाय, त्यालाच. आयसीएमआरचंही तेच सांगणं आहे, लक्षणं असतील किंवा निकटचा संपर्क असेल तरच करा, उगाच नको.

कार्यवाह काळजीनं म्हणाले, "आपण पुस्तकं देणारी माणसं. एखाद्यानं नीट केलं नाही, नाही म्हणून निघाला आणि रोग पसरवत हिंडला, तर?" प्रश्न रास्त होता. घरच्या तपासणीची ही खरी कमजोर बाजू आहे. दोन रेघा आल्या तर रोग आहेच असं धरायचं. पण लक्षणं असताना एकच रेघ आली तर ते 'नाही' पक्कं नसतं. त्या माणसानं आरटी-पीसीआर करायलाच हवी. हे खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते वाचतो कोण?

"मग आपण वाचून दाखवू," आमच्या एक जुन्या सभासद म्हणाल्या. एका कंपनीच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होत्या. "खोकं देणं कुणालाही जमेल. वाचून दाखवणं वाचनालयाला जमलं पाहिजे."

त्यावर कुणी हरकत घेतली नाही. आमचेच एक सभासद औषधांचे दुकानदार आहेत, ते खरेदीच्या भावात देतो म्हणाले.

मग नोंदीचा विषय निघाला. वाचनालयात काही द्यायचं म्हणजे रजिस्टर आलंच. पण इथे नाव लिहायचं का? नाव लिहिलं तर उद्या कुणी तरी वही मागेल आणि त्या भीतीनं एकही पोरगा खिडकीशी येणार नाही. नाही लिहिलं तर किती जणांना झाला हे सरकारला कधी कळणारच नाही आणि आकडा खोटा राहील. तासभर यावर बोललो. शेवटी ठरलं की वहीत फक्त तारीख आणि दिलेल्या खोक्यांची संख्या लिहायची. निकाल मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचा असतो, तो ज्याचा त्यानं स्वतः भरायचा आणि भरायला आम्ही मदत करायची. आकडा खरा राहायला हवा, पण तो भरणारा हात त्याचाच असला पाहिजे.

११ जानेवारी २०२२, मंगळवार

दुसऱ्याला शिकवायच्या आधी स्वतः करून बघायचं ठरवलं. घसा थोडा खवखवत होताच. एक किट स्वतःच्या पैशांनी घेतलं. परिचारिकाबाई समोर बसल्या.

आधी ॲप उतरवून नाव-पत्ता भरला. हात धुवून पुसले. पाकिटात पाच वस्तू: कापसाच्या बोंडाची निर्जंतुक काडी, द्रव भरलेली बोटभर नळी, चंदेरी वेष्टनात कार्ड, कचऱ्याची पिशवी आणि माहितीचा कागद. नळी आधी टेबलावर तीन-चार वेळा आपटायची, म्हणजे द्रव तळाशी बसतो. मग काडी नाकात. बाई म्हणाल्या, "मेंदूपर्यंत जायचं नाही हो, दोन ते चार सेंटिमीटर पुरे." एका नाकपुडीत पाच वेळा फिरवली, तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत पाच वेळा. डोळ्यांत पाणी आलं, पण दुखलं नाही. काडी नळीत बुडवून, खालून नळी चिमटीत धरून दहा वेळा घोळवली. काडीवर एक खूण असते, तिथे ती मोडायची. बोंड आतच राहतं, वरून टोपण लावायचं. मग कार्डाच्या खळग्यात दोन थेंब.

ओलावा कार्डावर सरकताना दिसतो. पांढऱ्या पट्टीवर गुलाबीसर लाट हळूहळू वर चढते. आधी 'सी'समोर रेघ उमटली, म्हणजे कार्ड चालू आहे. ही रेघ आलीच नाही तर सगळी तपासणी बाद. आता 'टी'समोर काय होतं ते बघायचं. ही पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. घरी सासूबाई एकोणऐंशीच्या. सकाळी त्यांना औषध दिलं होतं, जवळ बसून केस विंचरले होते. मी मनात दिवस मोजायला लागले, कोण कोण, कधी, किती वेळ. माझ्यावर खाड्याची टांगती तलवार नाही, तरी तळहातांना घाम सुटला होता.

'टी'समोर काही उमटलं नाही. वीस मिनिटांनंतर कार्ड बघायचं नाही, ते खोटं दाखवू शकतं. सगळं पिशवीत घालून तोंड बांधलं.

बाई म्हणाल्या, "एक लक्षात आलं का? हे सगळं तुम्ही तुमच्या हातानं केलंत. कुणी तुमच्या घरात शिरलं नाही." माझ्या मनात प्लेगचे ते शिपाई होते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

१४ जानेवारी २०२२, शुक्रवार, मकरसंक्रांत

खिडकीच्या कट्ट्यावर तिळगुळाचा डबा, शेजारी खोकी आणि माझ्या अक्षरातला एक कागद. पायऱ्या एक ते आठ, मोठ्या अक्षरात, खाली हिंदीतून. कारण निम्मी पोरं बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशाची.

परभणीचा पोरगा आज आला. खोकला गेलेला, पण त्याच्यासोबत खोलीतला दुसरा होता, ताप अंगावर काढणारा. त्याला खुर्ची बाहेर मांडून दिली, बाईंनी लांबूनच एकेक पायरी सांगितली. हात थरथरत होते, दोन थेंबांऐवजी तीन पडले.

दहाव्या मिनिटालाच दुसरी रेघ दिसू लागली.

तो रेघेकडे बघत राहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "मॅडम, हे कंपनीत कळणार का?"

ॲपमध्ये भरलं तर ते आयसीएमआरकडे जातं, कंपनीकडे जात नाही, हे मी त्याला सांगितलं आणि ते खरं आहे. पण घरी थांबायचं म्हटलं की कंपनीला कळणारच, हेही तितकंच खरं. मी गप्प बसले. संध्याकाळी त्यांच्या खोलीवर डबा पाठवला, सोबत दोन पुस्तकं. दिवसभरात पाच खोकी गेली.

१७ जानेवारी २०२२, सोमवार

दोन दिवस पगाराच्या चिठ्ठ्या बघत बसले. परभणीच्या पोरानं स्वतःची आणि मित्राची, दोन्ही मोबाइलवर पाठवल्या. बारा हजारांच्या पगारातून ई.एस.आय.चे ९० रुपये कापलेले. मी विचारलं, हे कशाचे? तो म्हणाला, "कापतात दर महिन्याला. कशाचे ते माहीत नाही."

आमच्याच कपाटात कामगार कायद्यांची पुस्तकं आहेत. वर्षानुवर्षं कुणी नेली नव्हती, ती काढली. कामगार कार्यालयात काम केलेल्या एका पेन्शनर सभासदांना बोलावलं. खिडकीच्या अलीकडे ते, पलीकडे मी, वही मांडीवर.

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ई.एस.आय., म्हणजे राज्य विमा, लागू. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे बारा हजारांवर याचे ९० आणि मालकाचे ३९०. ठेकेदाराचा माणूसही यात येतो. आजारी पडला आणि विम्याच्या डॉक्टरनं दाखला दिला, तर सरासरी रोजाच्या ७० टक्के पैसे खात्यात जमा होतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस मिळत नाहीत. आणि एक अट: आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडला तर गेल्या एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजायचे.

मी हिशेब मांडला. सात दिवस विलग, दोन वजा, उरले पाच. दिवसाला सुमारे सव्वातीनशे. सोळाशेच्या आसपास. तीन हजारांचं नुकसान निम्म्यावर येतं. पूर्ण भरून येत नाही, पण निम्मं म्हणजे खोलीचं भाडं.

दर महिन्याला ९० रुपये देऊन या पोरांनी हा हक्क विकत घेतलेला आहे. त्यांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता, इतकंच. आणि हे पुस्तक माझ्या कपाटात, माझ्या हाताच्या अंतरावर इतकी वर्षं पडून होतं. आज मला त्याची फार लाज वाटली.

२० जानेवारी २०२२, गुरुवार

तापाचा पोरगा विम्याच्या दवाखान्यात जाऊन आला. घरच्या किटचा फोटो तिथे चालला नाही, पुन्हा तपासून मग दाखला दिला. तो मे महिन्यापासून कामावर आहे, ७८ दिवस कधीच भरलेत. विमा क्रमांक, बँकेचं खातं, दाखला सगळं लावून अर्ज गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला: "मॅडम, झोप लागली आज."

अमेरिकेत कालपासून सरकारनं संकेतस्थळावर मागणी घ्यायला सुरुवात केलीय, घरटी चार तपासण्या टपालानं, मोफत. भाचीनं कळवलं. चांगलंच आहे. पण गेल्या दहा दिवसांत मला एक गोष्ट पक्की कळलीय. किटावर २५० रुपये छापलेले असले, तरी कामगाराला ते पडतं सात दिवसांच्या रोजाला. ती किंमत कुणी तरी उचलल्याशिवाय तपासणी फुकट होत नाही, खोकं फुकट दिलं तरी.

२५ जानेवारी २०२२, मंगळवार

आजचा दिवस लिहायला जड जातोय.

ओडिशाचा एक मुलगा, एकोणीस-वीसचा. गेल्या गुरुवारी किट घेऊन गेला, दोन रेघा आल्या, प्रामाणिकपणे परत येऊन लांबून सांगितलं. ॲपमध्येही भरलं. मी उत्साहानं त्याच्या पगाराची चिठ्ठी मागितली. दिवाळीनंतर लागलेला. एप्रिल ते सप्टेंबर त्याचा एकही दिवस नाही.

त्याला हिंदीत समजावून सांगितलं की पैसे कापले जातात, पण या वेळी मिळणार नाहीत. तो म्हणाला, "ठीक है, चाची." एवढंच. आम्ही डबा दिला. खोलीतल्यांनी त्याच्या भाड्याचा वाटा उचलतो म्हटलं. आणि आज सकाळी, पाचव्या दिवशी, मास्क लावून तो पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसताना मला दिसला. ताप गेला होता म्हणाला. मी त्याला थांबवू शकले नाही. काय सांगून थांबवणार होते?

त्या बसमध्ये पन्नास माणसं होती. त्यांच्यापैकी कुणाची सासू एकोणऐंशीची असेल. या मुलाला दोष देणं सोपं आहे. पण त्यानं तपासलं, कबूल केलं, नोंदवलं. त्याच्या वाटणीचं सगळं त्यानं केलं. पुढचं त्याच्या हातात नव्हतं. रोग सापडलेल्या माणसाला घरी बसायचे पैसे मिळाले पाहिजेत, मग तो दिवाळीनंतर लागलेला का असेना. हे मी कुठे सांगू, कुणाला सांगू, मला माहीत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतेय.

१३ फेब्रुवारी २०२२, रविवार

विसावं खोकं आज गेलं. वहीत तारखा आणि आकडे, बाकी पान कोरं. माझ्यापर्यंत पोचलेले दोन रेघांचे निकाल चार.

तापाच्या पोराच्या खात्यात अजून पैसे जमा झालेले नाहीत, पण अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आलाय. तो स्वतः दोन नव्या पोरांना घेऊन आला होता. किटासाठी नाही. त्यांच्या पगारातून ९० रुपये कापले जातात का, ते बघायला.

कार्यवाहांनी समितीपुढे ठराव मांडला की कामगार कायद्यांची पुस्तकं खिडकीजवळच्या फळीवर आणावीत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पेन्शनर सभासदांनी पगाराच्या चिठ्ठ्या वाचून द्याव्यात. एकमतानं मंजूर.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा

आजपासून राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. वाचनालयाच्या दारात गुढी उभी केली आणि वाचनकक्षाची दोन्ही दारं उघडली. आजोबा मंडळी पहिल्या दहा मिनिटांत आपापल्या खुर्च्यांवर. इंग्लंडमध्ये कालपासून बहुतेकांसाठी मोफत तपासण्या बंद झाल्या, हे त्यांनीच मला पेपरमधून वाचून दाखवलं.

दुपारी फिटरकाकांची सून आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. "घर आवरताना सापडलं. उशीर झाला," म्हणाली. दंड किती हे तिनं विचारलं, मी नाही म्हटलं. पुस्तकात एकशेबाराव्या पानावर बसच्या तिकिटाची खूण होती. तिकीट तसंच ठेवलं, पुस्तक दाखल क्रमांकाच्या जागी लावलं.

सुनेनं जाताना खिडकीपाशी थांबून माझ्या अक्षरातला कागद वाचला. किटाच्या आठ पायऱ्यांचा कागद मी केव्हाच काढलाय, त्या जागी आता विम्याचा आहे: कुणाला मिळतो, किती मिळतो, ७८ दिवस कसे मोजायचे, दाखला कुठे घ्यायचा. कोपरे उन्हानं पिवळे पडलेत. ती म्हणाली, "माझा भाऊ तळवड्याला ठेक्यावर आहे," आणि मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला. थोडा हलला, म्हणून पुन्हा घेतला.

मी आत जाऊन नवा कागद आणला. उद्या ठळक शाईनं पुन्हा लिहीन.